उधारीच्या वहीतली अबकारी

आमच्या दुकानात दारूचा थेंब कधी विकला गेला नाही. तांदूळ, मीठ, गूळ, रॉकेल, विड्या, सुकी मासळी आणि पोरांसाठी लिमलेटच्या गोळ्या, एवढाच आमचा धंदा. तरी दारूवरचा कर आमच्या दुकानाला पिढ्यान्‌पिढ्या लागत आला. त्याची नोटीस कधी आली नाही, पावती कधी फाडली गेली नाही. पण बाबांच्या उधारीच्या वह्या उघडल्या की तो पानापानांवर दिसतो.

त्या वह्या मी माळ्यावरून खाली काढल्या त्याला निमित्त झालं २०२५ च्या जूनमधल्या करवाढीचं. राज्य सरकारने विदेशी मद्याच्या बऱ्याच मोठ्या वर्गावरचं उत्पादन शुल्क, उत्पादन खर्चाच्या तिप्पट होतं ते साडेचारपट केलं. देशी दारूचं शुल्क प्रूफ लिटरमागे १८० रुपयांवरून २०५ वर नेलं. यातून वर्षाला चौदा हजार कोटींची जादा भर तिजोरीत पडेल, असा अंदाज सांगितला गेला. बारमधल्या दारूवरचा व्हॅट पाच टक्क्यांवरून दहा टक्क्यांवर गेला होताच. १४ जुलैला राज्यातल्या बारवाल्यांनी एक दिवसाचा बंद पाळला. माझ्या भाच्याचं हायवेला परमिट रूमचं हॉटेल आहे. तोही त्या दिवशी शटर ओढून माझ्याकडे येऊन बसला.

"मावशे, सरकारान आमका बुडयल्यान," तो म्हणाला. "आणि मी एकटोच बुडान नाय. माज्या हॉटेलात कोंबडी लागता, अंडी लागतत, कांदो लागता. समोरचो पानवालो माज्यावर जगता. माजो धंदो बसलो तर तेचोय बसता."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पण ते अर्धं होतं. उरलेलं अर्धं सांगायचं तर दीडशे वर्षं मागे जावं लागतं.

आमचं गाव बांद्याच्या बाजूचं. बांद्याहून पुढे पत्रादेवी, आणि पत्रादेवी ओलांडली की गोवा. संस्थान सावंतवाडीचं, पलीकडे पोर्तुगीज, आणि वेंगुर्ला-मालवणकडे ब्रिटिशांचा रत्नागिरी जिल्हा. तीन राजवटींचे तीन कायदे, आणि माडाची झाडं मात्र सगळीकडे सारखीच. माझ्या आजीचं माहेर वेंगुर्ल्याकडचं. तिच्या माहेराशेजारी भंडाऱ्यांची वाडी होती. माडावर चढायचं, पोय छेदायची, मडकं लावायचं, सकाळ-संध्याकाळ माडी उतरवायची, हा त्यांचा पिढीजात धंदा. माडी घरी विकायची, उरली तर तिचा गूळ करायचा नाहीतर शिरका. दारू म्हणून जो काही किरकोळ व्यापार होता तो असा अंगणातला. पैसाही अंगणातून अंगणात फिरायचा. भंडारी माडी विकायचा आणि त्याच पैशातून आमच्यासारख्या दुकानातून मीठ-मिरची न्यायचा.

१८७८ साली मुंबई इलाख्यात अबकारीचा कायदा आला आणि हे चित्र बदललं. ज्या माडाची माडी काढायची त्या प्रत्येक माडावर कर आणि परवाना. गाळपाच्या दारूसाठी ठरावीक भट्ट्या, तिथूनच शुल्क भरून माल उचलायचा. विक्रीचे हक्क लिलावात. कायदा करणाऱ्यांचं म्हणणं असं, की कर जबर असला की माणसं कमी पितील आणि सरकारचं उत्पन्नही वाढेल. उत्पन्न वाढलं यात शंका नाही. पुढे अबकारी हा मुंबई सरकारच्या उत्पन्नाचा एक मोठा खांब झाला. पण रोख पैसा आगाऊ भरायचा तर तो भंडाऱ्याकडे कुठला? ज्याच्याकडे होता त्या मक्तेदाराने हक्क घेतला आणि भंडारी स्वतःच्या माडावर मजुरीने चढू लागला. ठाणे-वसईकडच्या भंडाऱ्यांनी याविरुद्ध ओरड केली, अर्ज केले. आमच्याकडच्या कित्येकांनी माड सोडला आणि मुंबईची बोट पकडली.

म्हणजे दारूवरच्या कराने किरकोळ विक्रेता बुडतो का, या प्रश्नाचं पहिलं उत्तर इतिहासात स्पष्ट आहे. बुडतो. पण बुडाला तो सगळ्यात लहान विक्रेता, ज्याच्याकडे परवान्याचे पैसे नव्हते. मोठा टिकला, उलट वाढला. आजी म्हणायची, "माडाक कर लागलो, पण उतरलो तो भंडारी."

दुसरा धडा दारूबंदीचा. तो बाबांच्या डोळ्यांदेखतचा.

दारूबंदी म्हणजे कर उठला, असं कुणी म्हणत नाही. पण सरकारी हिशेबात तेच होतं. दारूच नाही, तर तिच्यावरचं उत्पन्नही नाही. मग ते कुठून भरून काढायचं? १९३७ साली मद्रास इलाख्यात राजाजींनी सेलम जिल्ह्यापासून दारूबंदी सुरू केली. त्यातून पडणारा खड्डा भरायला १९३९ मध्ये सर्वसाधारण विक्रीकर आणला. मालाच्या सर्रास विक्रीवर कर घेण्याची आपल्या देशातली ती सुरुवात. मुंबई शहरात त्याच वर्षी १ ऑगस्टला दारूबंदी आली, तेव्हा तूट भरायला घरमालकांच्या मिळकतीवर दहा टक्के कर बसला. पुढे १९४६ मध्ये मुंबई प्रांतातही विक्रीकराचा कायदा झाला. १९४९ चा दारूबंदी कायदा आला आणि एप्रिल १९५० पासून मुंबई राज्यभर पूर्ण दारूबंदी लागू झाली. संस्थान तोवर विलीन झालेलं, त्यामुळे आम्हीही त्यात आलो.

हा क्रम मी कधी शाळेच्या पुस्तकात वाचला नाही. तो लक्षात आला तेव्हा बाबांची एक जुनी कुरकुर मला उमजली. ते म्हणत, "पियाचो बंद झालो सोरो, आणि कर इलो साबणाक." बाबांचं दुकान इतकं लहान, की विक्रीकराची नोंदणी त्यांना लागत नसे. पण घाऊक व्यापाऱ्याकडून माल भरताना तो कर भावात चढूनच यायचा. पिणाऱ्याने भरायचा पैसा आता न पिणाराही भरत होता, आणि तो गोळा व्हायचा किराण्याच्या फळीवर.

तरीही बाबा दारूबंदीच्या विरोधात नव्हते. याचं कारण वहीत आहे. ज्या घरातला पुरुष पितो त्या खात्याच्या नावाशेजारी बाबा एक बारीकसं टिंब द्यायचे. कुणाला सांगितलेलं नाही, पण आम्हा घरच्यांना ठाऊक. टिंब असेल त्या घराची उधारी बाईच्या हातीच द्यायची. पुरुष आला तर विडी रोखीने, तांदूळ उधारीने नाही, कारण तो तांदूळ घरी पोचेलच याची खात्री नसायची. १९५० नंतरच्या एक-दीड वर्षाच्या पानांवर टिंबवाली खाती शिमग्याआधी चुकती झालेली दिसतात. काही घरांनी गूळ जास्त नेला आहे, एका घराने तर छत्री नेली आहे. आमच्यासारख्या दुकानात छत्री विकली जाणं हे त्या काळी चांगलं वर्ष आल्याचं लक्षण.

पण हे टिकलं नाही. रानात हातभट्ट्या लागल्या. आणि आमच्याकडे तर गोवा उंबऱ्याशी. पलीकडे बंदी नाही, काजूची फेणी आणि माडाची फेणी हवी तेवढी. डोंगरातल्या पायवाटा पोलिसांपेक्षा गुराख्यांना जास्त ठाऊक. १९५२-५३ च्या पानांवर टिंबवाली खाती पुन्हा लांबत जातात. फरक एवढाच, की आधी जो पैसा परवान्याच्या दुकानात आणि तिथून सरकारात जायचा, तो आता चोरवाटेने पलीकडे जात होता. सरकारला मिळत नव्हता, भंडाऱ्याला मिळत नव्हता, आम्हालाही मिळत नव्हता. वर चोरून माडी उतरवताना धरले गेलेल्या माणसांच्या घरची उधारी वेगळीच. कर्ता माणूस कोठडीत असेल तर दुकानदार तांदूळ नाही कसा म्हणेल?

सीमेची ही गोष्ट आमच्या भागाला जन्मापासून चिकटलेली आहे. १८७८ मध्येच ब्रिटिश आणि पोर्तुगीज यांच्यात तह होऊन काही वर्षं सीमेवरची जकात उठली होती. १८९२ मध्ये तो तह संपला आणि नाके परत आले. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. लोक वाजतगाजत पत्रादेवीपर्यंत गेले. पोर्तुगीजांचा नाका गेला. आम्हा पोरांना वाटलं आता सीमाच संपली. देशाची सीमा संपली खरी, पण दराची राहिली. गोव्याने १९६४ मध्ये स्वतःचा अबकारी कायदा केला आणि तिथला दारूवरचा कर आपल्यापेक्षा कायम हलका राहिला. आज इन्सुलीच्या नाक्यावर उत्पादन शुल्कवाले गाड्या तपासतात ते या फरकासाठीच. बाटली तीच, कारखाना तोच, फक्त एका नदीच्या अलीकडे आणि पलीकडे दोन भाव.

या फरकाचा फटका कुणाला बसतो? दारूच्या दुकानाला तर बसतोच. पण जो माणूस स्वस्त बाटलीसाठी मोटारसायकल घेऊन पलीकडे जातो, तो नुसती बाटली घेऊन येत नाही. २०१२ मध्ये गोव्याने पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ काढून टाकला तेव्हा हे आम्ही डोळ्यांनी बघितलं. टाकी भरायला गेलेला माणूस तिथेच चहा पितो, तिथेच साबण-तेल घेतो, तिथेच पोराला खाऊ घेतो. बाटलीपाठोपाठ पेट्रोल, पेट्रोलपाठोपाठ किराणा. गिऱ्हाईक एकदा घाट उतरलं की ते एका वस्तूपुरतं उतरत नाही. माझ्या भावाने दुकान चालवलं त्या वर्षांत त्याला सगळ्यात जास्त टोचलं ते हे.

आता तिसरा धडा, आणि तो मला सगळ्यात जड जातो.

१९६३-६४ पासून महाराष्ट्रात दारूबंदी सैल होत गेली आणि १९७३ मध्ये देशी दारूचे नियम होऊन बाजारपेठांत सरकारमान्य देशी दारूची दुकानं दिसू लागली. हातभट्टीच्या विषापेक्षा तपासलेली दारू बरी आणि चोरीचा पैसा सरकारात आलेला बरा, असा विचार. तो चुकीचा होता असं मी म्हणत नाही. तेव्हा मी प्राथमिक शाळेत शिकवत होते आणि सुट्टीच्या दिवशी दुकानात बसत होते. देशीचा भाव वाढला की दोन प्रकारची माणसं मला फळीवरून दिसायची. एक, सणासुदीला किंवा बाजाराच्या दिवशी घेणारा. भाव वाढला की तो हात आखडायचा. त्याच्या घरचं खातं सुधारायचं, आणि आमचा खप थोडा वाढायचा. दुसरा, ज्याला रोज लागते. भाव वाढला म्हणून त्याची बाटली लहान होत नसे. तो दुसरीकडे काटायचा. आधी स्वतःचा चहा-विडी, मग घरातलं गोडंतेल, मग पोरांची पुस्तकं.

टिंबवाल्या घरातली एक बाई एका पावसाळ्यात तांब्याचा हंडा घेऊन दुकानात आली. बाबा गहाण घेत नसत. ती म्हणाली, "शेटानूं, ह्यो ठेवा आणि तांदूळ द्या. घरात ऱ्हवलो तर तोय जायत." बाबांनी हंडा ठेवून घेतला नाही, तांदूळ दिले आणि वहीत लिहिले. तिची मुलगी माझ्याच सातवीच्या वर्गात होती. गणितात हुशार, पाढे तोंडपाठ. दिवाळीनंतर ती शाळेत आलीच नाही. काजूच्या कारखान्यात बिया सोलायला लागली होती. मी तिच्या घरी गेले तेव्हा तिच्या हातांना काजूच्या तेलाने काळे चट्टे पडले होते. ती म्हणाली, "बाई, शेटाची वही चुकती करूची आसा."

आमची वही. त्या घरातल्या पुरुषाच्या प्रत्येक बाटलीमागे सरकारला शुल्क मिळालं, दारूच्या दुकानदाराला नफा मिळाला, आणि त्याचं येणं आमच्या वहीवर चढलं. ते फेडलं एका मुलीने, शाळा सोडून. बाबांनी ते खातं तिच्याकडून पुरतं वसूल केलं नाही, मध्येच काट मारली. पण मुलगी शाळेत परत आली नाही ती नाहीच.

म्हणून भाच्याला मी म्हटलं, कराने दुकान बुडतं का हे एका शब्दात विचारू नको. दर वाढल्यावर पिणारा तीनपैकी एक वाट धरतो. तो कमी प्यायला, तर तुझा तोटा आणि किराणावाल्याचा फायदा. तो तेवढाच प्यायला, तर तुझं चालतं आणि किराणावाल्याची उधारी चढते. तो पलीकडे गेला किंवा हातभट्टीकडे वळला, तर तुझाही तोटा, त्याचाही तोटा आणि कर मागणाऱ्या सरकारचाही. कुठल्या गावात कुठली वाट जास्त, ते तिथल्या सीमेवर, तिथल्या पोलिसांवर आणि तिथल्या मजुरीवर ठरतं. सातारा-सांगलीकडचं गणित आमच्या बांद्याला लावता येत नाही.

तो म्हणाला, "मगे हायवेचा विसारलंस?" विसरले नव्हते. सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०१६ च्या निकालाप्रमाणे १ एप्रिल २०१७ पासून महामार्गापासून ५०० मीटरच्या आतली दारूची दुकानं बंद झाली होती. वीस हजारांपर्यंत वस्तीच्या गावांत हे अंतर २२० मीटर. भाच्याचं हॉटेलही तेव्हा काही महिने बिनदारूचं होतं. त्याच्या शेजारचा आमलेट-पावाचा गाडा गेला, चणे-शेंगदाणे विकणारी म्हातारी गेली, सोडा पुरवणाऱ्या पोराने धंदा बदलला. ही सगळी स्थानिक, हातावरचं पोट असलेली माणसं. त्यांचा तोटा खरा होता आणि तो कुठल्याही सरकारी हिशेबात आला नाही. मी तो नाकारत नाही. पण त्याच महिन्यांत आतल्या वाडीतल्या किराणा दुकानात रोखीची विक्री वाढली होती, असं माझी भावजय सांगते. ती गल्ल्यावर बसते, तिला ठाऊक असतं. हायवेवरचा तोटा दिसतो कारण तिथे शटर बंद होतं. वाडीतला फायदा दिसत नाही, कारण तिथे फक्त एक खातं चुकतं होतं.

आज दारू जीएसटीच्या बाहेर आहे. २०१७ च्या जुलैपासून बाकीच्या बहुतेक मालावरचा कर दिल्ली आणि राज्य मिळून ठरवतात. राज्याच्या स्वतःच्या मर्जीने वाढवता येतील अशा मोजक्या गोष्टी उरल्या, त्यांत दारू आणि पेट्रोल-डिझेल मुख्य. त्यामुळे तिजोरीला खड्डा पडला की हात पहिल्यांदा बाटलीकडे जाणार, हे पुढेही चालणार. भाच्याने एक गोष्ट मात्र बरोबर सांगितली आणि ती मी मानते. एकदम दीडपट वाढ केली की लहान परवानेवाला मरतो, कारण नव्या भावाचा माल भरायला त्याच्याकडे भांडवल नसतं. मोठा तग धरतो. १८७८ मध्ये भंडाऱ्याचं झालं तेच. कर वाढवायचाच तर पायरी पायरीने वाढवावा, शेजारच्या राज्याचा दर बघून वाढवावा. आणि वाढवलेल्या पैशातला काही वाटा ज्या गावातून तो आला त्या गावात, व्यसन सोडवण्याच्या सोयीवर आणि गळालेल्या पोरांच्या शाळेवर परत यावा. ह्याला दानधर्म म्हणायचं नाही. दारूची खरी उधारी गावाने दिलेली असते, तिची ती फेड.

भाच्याने त्या दिवशी वह्यांची पानं बराच वेळ उलटली. टिंबं त्याने आपणच ओळखली, मी सांगावं लागलं नाही. एका पानावर तो थांबला आणि म्हणाला, "ह्या तर आमच्याच वाडीतला घर." मी हो म्हटलं. त्या घरातला नातू आता त्याच्याच हॉटेलात वेटर आहे, पीत नाही, आणि आमच्या दुकानातलं त्याचं खातं महिन्याच्या महिन्याला चुकतं होतं.